जुन्या पिकअपला बसवलेलं आकड्यांचं हीट मीटर: मोर्शीकडचा अनुभव

आमची डिझेल पिकअप २००५ सालची. मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायची आणि ती संपली की एप्रिल-मेमध्ये कुटार (पिकाचा भुसा), शेणखत नाहीतर बागेसाठी पाण्याच्या टाक्या वाहायच्या, हा तिचा धंदा. इंजिनचं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या, डॅशबोर्डावरच्या कंपनीच्या काट्याला एका टोकाला सी (थंड), दुसऱ्या टोकाला एच (गरम). मधे आकडा एकही नाही. त्याची गत सरपंचासारखी, कधीही विचारा, "सब ठीक हाय." आमचा ड्रायव्हर तर म्हणायचाच, "काटा हाफवर हाय ना भाऊ, मंग काऊन भेता?"

म्हणून अमरावतीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ४० ते १२० अंशांचं मेकॅनिकल मीटर आणलं. ८५० रुपये, फिटिंग वेगळं. ब्रँड लिहीत नाही, एकाच घडणीची मीटरं वेगवेगळ्या नावांनी मिळतात.

याला करंट लागत नाही. इंजिनच्या पाण्यात बसणाऱ्या पितळी बल्बमध्ये लवकर उकळणारं द्रव असतं. पाणी तापलं की त्याच्या वाफेचा दाब बारीक नळीतून मीटरपर्यंत येतो आणि काटा सरकतो. नळी कापायची नाही, जोडायची नाही, चेपू द्यायची नाही. नळी फुटली की मीटर भंगारात. जुना काटा इलेक्ट्रिकवर चालतो. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि काटा चढतो. म्हणूनच त्याची वायर बॉडीला घासली तर थंड इंजिनवरही काटा थेट एचला जातो, आणि वायर तुटली तर सीवर झोपून राहतो. डिझेलचा आणि पाण्याचा असे दोन्ही काटे एकदम वर गेले, तर आधी मीटरच्या मागचा, दोन्ही काट्यांना सारखा करंट देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा. इंजिन उघडायची घाई नको.

दोन्ही मीटरं शेजारी-शेजारी बघताना खरी गंमत कळली. नवीन मीटर ७५ पासून ९८ पर्यंत गेलं तरी जुना काटा हाफवरून हलला नाही. इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. आमच्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे त्या सुमारास तो उघडायला लागतो. त्यामुळे हिवाळ्यात रिकामी गाडी ८२-८५ वर चालते. मे महिन्यात भरल्या गाडीला ९० च्या आसपास. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ९८ दिसलं, पण चढ संपल्यावर आकडा लगेच उतरायला लागला. मी बघतो ते हे उतरणं. सपाटीला लागूनही आकडा तिथंच अडला किंवा चढतच राहिला, तर गाडी बाजूला घ्यायची.

आकडा वाचताना रेडिएटरचं झाकणही लक्षात घ्या. ०.९ बारचं (म्हणजे तेवढा दाब आत धरून ठेवणारं) झाकण धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर सपाटीवर १०० च्या आतबाहेर, आणि चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, ९६ लाच. म्हणजे तोच ९८ चा आकडा एका गाडीत बिनघोर आणि दुसऱ्या गाडीत उकळी. झाकण स्वस्तात मिळतं, मीटर घेताना तेही बदला. (गरम इंजिनवर उघडू नका, हे सांगायला नको.)

पैसे वसूल झाले ते कुटाराच्या दिवसांत. नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वजनाला आकडा सहा-सात अंश जास्त यायला लागला. जुना काटा अर्थातच हाफवर. समोरची जाळी काढली तर रेडिएटरच्या पत्र्यांत तुरीचं कुटार आणि कापसाचे रेषे ठासून बसलेले. इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेनं पाणी मारलं आणि आकडा मूळ जागी आला. बोअरचं खारं पाणी भरणाऱ्यांच्या रेडिएटरला आतून क्षार धरतात, तिथेही आकडा असाच हळूहळू चढतो.

कोंढाळीला चहाला थांबलो की गाडी बंद असूनही आकडा चढताना दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पंप थांबलेला असतो आणि लोखंडातली उष्णता पाण्यात उतरत असते. भरली गाडी बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवली की हे कमी होतं.

आता तक्रारी. सोबत आलेला बुश (बल्ब बसवायचा जोड) आमच्या इंजिनच्या हेडच्या चुडीला (आट्यांना) बसला नाही, लेथवर पितळी बुश करून घ्यावा लागला. रात्री डायल नीट दिसत नाही. बझर नाही, म्हणजे ड्रायव्हरनं बघितलंच नाही तर मीटर असून नसल्यासारखं. फिटिंग करणाऱ्यानं जुन्या सेन्सरच्या चुडीला भरमसाट टेफ्लॉन टेप गुंडाळली, त्यामुळे त्याची अर्थिंग (इंजिनच्या धातूशी असलेली जोडणी) तुटली आणि कंपनीचा काटा मेला. टेप काढल्यावर चालू झाला. आणि सर्वांत मोठी मर्यादा: होज फुटून पाणीच निघून गेलं, तर बल्ब कोरडा पडतो आणि आकडा उलट खाली येऊ शकतो. इंजिन ओढत नाही, करपट वास येतोय आणि मीटर ७० दाखवतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सकाळी थंड इंजिनवर पाणी बघणं या मीटरमुळे सुटत नाही.

पाचपैकी चार. कॉमन रेलवाल्यांनी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनवाल्यांनी) मात्र हे घेऊ नये. त्यांच्या बहुतेक गाड्यांत गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ओबीडीचा ब्लूटूथ प्लग लावला की मोबाइलवरच आकडा दिसतो.