रेझिस्टन्स काढला आणि वायर पुसली गेली: पेन-टॅबलेटचे आठ महिने

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. जूनपासून फळा सोडून टॅबलेट आणि पेनवर आलोय.

पहिल्याच आठवड्यात सर्किट काढताना अडलो. आधी वायरची सरळ रेघ मारली, मग तिच्यावरच रेझिस्टन्सची नागमोडी ओढली, तर दोन्ही गायब! पोरांच्या वहीत अर्धं सर्किट उतरलं होतं. मी वापरतो त्या लिहायच्या अ‍ॅपमध्ये लिहिलेल्यावर पेन मागेपुढे खरडलं की ते खोडलं जातं. मी चिन्ह काढत होतो, त्याने खोडायची खूण समजली. आता रिकाम्या जागेत आधी रेझिस्टन्स काढतो, मग दोन्ही टोकांना वायर जोडतो. महिनाभरात हाताला वळण पडलं.

अ‍ॅप हाताने काढलेलं ओळखतं तरी कसं, म्हणून थोडं वाचलं. वोब्रॉक, विल्सन आणि ली या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेली, हाताने काढलेल्या खुणा ओळखायची 'डॉलर वन' पद्धत फारच सुंदर आहे. ओढलेल्या रेघेवर समान अंतरावर ६४ बिंदू घ्यायचे, आकृती फिरवून ठरावीक कोनात आणायची, ताणून चौकोनात बसवायची आणि साठवलेल्या नमुन्याशी एकेका बिंदूचं अंतर मोजायचं. कोड साधारण शंभर ओळींचा. पण फिरवल्यामुळे वरचा बाण आणि खालचा बाण एकच ठरतो, ताणल्यामुळे वर्तुळ आणि लंबवर्तुळही. आमच्याकडे तर बाणाची दिशा चुकली की गणितच चुकलं. आजची अ‍ॅप पुष्कळ पुढे गेलीत, तरी हे वाचल्यावर मशीन कुठे गोंधळेल याचा अंदाज येऊ लागला. उभ्या वायरमधल्या कपॅसिटरच्या दोन आडव्या रेघा त्याला बरोबरचं चिन्ह वाटतात, यात नवल नाही. सर्किट काढताना मी गणित ओळखण्याचं सेटिंग बंदच ठेवतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आकार काढून झाल्यावर पेनचं टोक क्षणभर तसंच धरायचं. अ‍ॅमीटरचा वेडावाकडा गोल लगेच घोटीव होतो. किरणाकृतीत तर याला तोड नाही. आरशावर पडणारा किरण सरळ आला की आपाती कोन मागच्या बाकावरूनही नीट दिसतो.

ग्रीक अक्षरांचं दुखणं मात्र कायम आहे. ओमेगाचा डब्ल्यू होतो, ऱ्होचा पी होतो. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टमधला न्यू, म्हणजे वारंवारतेचं चिन्ह, तर आठ महिन्यांत जवळपास दरवेळी व्हीच झाला. वारंवारतेच्या जागी वेग आला तर पोरं परीक्षेतही तेच लिहितील, म्हणून नोट्स पाठवण्याआधी प्रत्येक न्यू हाताने दुरुस्त करतो.