पाइपावरचा लाल पट्टा ओला होता

पाण्याच्या पाइपांच्या फसवणुकीत माझे 19,690 रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण ऐकणारे पहिल्यांदा तेच विचारतात आणि मग म्हणतात, "एवढेच ना, सोडून द्या." मला कंपनीच्या पीएफमधून महिन्याला 2,870 रुपये पेन्शन येते. म्हणजे जवळजवळ सात महिन्यांची पेन्शन गेली. मी का सोडून देऊ?

फाटकाजवळच्या मीटरपासून मागच्या टाकीपर्यंत आमची 92 फुटांची लाइन आहे. 1996 साली टाकलेला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, तोही काळ्या मातीत, त्यामुळे तो कधीतरी सडणारच होता. घरातले सगळे नळ बंद, टाकीचा कॉक बंद, तरी मीटर फिरतंय, म्हणजे गळती जमिनीत आहे हे कळायला कुणाला बोलवायची गरज नव्हती. बिल 780 वरून 2,940 वर गेलं होतं. एका प्लंबरने खोदाईसकट 38,000 सांगितले. मी 31 वर्षं कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. वाफेच्या लाइनी टाकल्यात, 92 फूट पाण्याची लाइन मला जड नव्हती. घरच्या घरी करायचं ठरवलं ते चुकलं नाही, हे मी आजही ठासून सांगतो. दोन फूट खोल चर मी आणि पुतण्याने मिळून मारला, खाली वाळू अंथरली, जुना पाइप कापून बाहेर काढला.

चर मारत असताना मला फसवणारा तो माणूस फाटकाशी आला. तिशीचा, बोलायला गोड. गळ्यात महापालिकेचा परवानाधारक प्लंबर असल्याचं लॅमिनेट केलेलं कार्ड. "काका, काम एकदम नियमात चाललंय तुमचं. फक्त मंजुरी घेतलीय ना? नाहीतर कनेक्शन तोडतात हो." मंजुरीची फी 7,500, ती तो भरून पावती आणून देणार. वर माल पण होलसेलमधून आणणार, सी क्लासचे, म्हणजे सगळ्यात जाड, पाच पाइप आटे पाडून, नगाला 1,850, म्हणजे 9,250. फिटिंग 2,340. टेम्पो 600. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी वर लागेल काका, बघा." पाइपांवरचे 1,665 रुपये वाचताहेत म्हणून मी गप्प बसलो. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहितो, कारण पुढचं सगळं त्या नसलेल्या बिलापाशी येऊन अडलं. बिल घ्या. कितीही जीएसटी लागू दे, बिल घ्याच.

पैसे ज्या नंबरवर पाठवायला सांगितले त्यावर नाव दुसरंच दिसत होतं. "मेव्हण्याचं खातं आहे," म्हणाला. तेही मी मान्य केलं.

आता ती वेळ सांगतो. शनिवार, 8 मार्च 2025. माल सकाळी दहाला येणार होता, तो आला संध्याकाळी पावणेसातला. घरात सकाळपासून पाणी नाही, टाकी कोरडी, सून लहान बाळाचे कपडे घेऊन शेजारी गेलेली. टेम्पोवाला हॉर्न मारतोय. मी पहिला पाइप खांद्यावर घेतला आणि उजव्या तळव्याला काहीतरी चिकट लागलं. बघितलं तर लाल रंग. ज्यांनी जीआय पाइप हाताळलाय त्यांना कळलंच असेल. ए क्लासला पिवळा पट्टा, बी क्लासला निळा, सी क्लासला लाल. तो पट्टा कारखान्यात मारतात. तिथून डेपो, डेपोतून दुकान, दुकानातून घर, तोवर तो खडखडीत वाळलेला असतो. माझ्या हाताला ओला रंग लागला होता. बायकोने विचारलंसुद्धा, "हाताला काय लागलं हो?" मी म्हटलं, "नवा माल आहे, रंग आहे." रॉकेलच्या बोळ्याने हात पुसला आणि पाइप चरात उतरवला.

31 वर्षांत पाइपाचं माप न घेता मी जोड कधी मारला नव्हता. जाडी मोजायचा व्हर्नियर कपाटात होता, आठ पावलांवर. मी तो आणला नाही. बॅटरीच्या उजेडात जोड गळू नयेत म्हणून सुतळी-सफेदा लावून रात्री साडेअकराला शेवटचा जोड आवळला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकून आम्ही सगळे खूश झालो. पाइप खांद्यावर हलका वाटला होता, हेही आता आठवतं. तेव्हा वाटलं पुतण्याने पलीकडचं टोक जास्त उचललं असेल.

20 मे रोजी पार्किंगच्या फरशीखालून पाणी वर आलं. परत खोदलं. दोन पाइप जोडणाऱ्या सॉकेटच्या तोंडाशी पाइप आट्यावरच मोडलेला. एक इंची पाइपाला आटे पाडले की साधारण दीड मिलिमीटर धातू जातो. सी क्लासची जाडी 4 मिलिमीटर असते, ए क्लासची 2.6. म्हणजे आट्याच्या बुडाशी जेमतेम एक मिलिमीटर उरलं होतं, आणि त्यावरून रोज गाडी जात होती. थिनर लावून पट्टा घासला तर लाल निघाला, खाली पिवळा. चार पाइप घासले, चारही तसेच. एक अख्खा पाइप भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला: 12 किलो 300 ग्राम. सी क्लासचा वीस फुटी पाइप साडेसतराच्या आसपास भरायला हवा. माल उतरवून घेताना वजन करा, कुठल्याही भंगाराच्या दुकानात पाच मिनिटांत होतं. आयएसआय शिक्क्याखालचा सीएमएल (परवान्याचा) नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. माझ्या पाइपांवर नंबरच नव्हता.

त्या माणसाचा फोन बंद. त्याने आणून दिलेली मंजुरीची पावती घेऊन मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पावती हातातसुद्धा घेतली नाही. "ही आमची नाही." मग साहेब जागेवर नाहीत. दुसऱ्या दिवशी मीटिंग. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, "मीटरच्या पुढची लाइन तुमची खाजगी, तिला आमची मंजुरी लागतच नाही. तुम्ही पैसे दिलेत कशाला?" हे वाक्य बाहेर बोर्डावर लिहून लावायला यांचं काय जातं? दुरुस्तीला काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्या अख्ख्या इमारतीत कुठे लिहिलेलं नाही, म्हणून असली माणसं फाटकाफाटकांवर फिरतात. परवानाधारकांची यादी मागितली तर "माहिती अधिकारात अर्ज टाका." तुमचं नाव आणि शिक्का वापरून कुणीतरी पावत्या फाडतोय, तुम्ही तक्रार करा म्हटलं तर "फसवणूक तुमची झालीय, आमची नाही." आणि वर फुटलेल्या लाइनच्या पाण्याचं 4,860 चं बिल आलं, त्यात एक रुपया सूट नाही. उशीर झाला म्हणून विलंब आकारसुद्धा लावला!

पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला. खोटी पावती करून पैसे घेणं दिवाणी कसं? मी विचारलं. "काका, बिल आहे का?" अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. तासभर बाकावर बसून राहिलो तेव्हा शिक्का मारून दिला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण ऑनलाइन गेलेले पैसे अडवायचे तर पहिल्या काही तासांत करायला हवा होता. माझे अडीच महिने झाले होते.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र मुलीने नीट ऐकून घेतलं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, हे मला तिने सांगितलं, एवढ्या कार्यालयांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. पण ज्याच्या नावाने तक्रार करायची त्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे मेव्हण्याच्या खात्यावरचं नाव, खोटी पावती आणि बंद पडलेला नंबर.

लाइन आता काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाची टाकलीय, दुकानात जाऊन, उजेडी, पक्क्या बिलावर. पुन्हा मीच टाकली. ते पाच पाइप जिन्याखाली ठेवलेत. चार घासले. पाचव्यावरचा लाल पट्टा आयोगात दाखवायला तसाच ठेवलाय, त्यावर माझ्या बोटांचे ठसे अजून दिसतात.