सीटचा रंग उडवला आणि ‘मळ’ म्हणून दाखवला

गाडीच्या लेदर सीटवर पांढरं फडकं घासून कुणी ‘मळ’ दाखवला, तर त्या मळाचा रंग आधी नीट बघा.

आमच्या सीट टॅन म्हणजे फिकट तपकिरी रंगाच्या, अस्सल लेदरच्या. पुण्यातल्या एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारीक सफाई करणाऱ्या दुकानात बाबांनी गाडी फक्त धुवायला दिली होती. तिथल्या पोराने लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेतलं, ड्रायव्हर सीटच्या कडेवर घासलं आणि तपकिरी झालेलं फडकं बाबांसमोर धरलं. “काका, केवढी घाण मुरलीये बघा! कंडिशनिंग केलं नाही तर लेदर फाटणार.” कंडिशनिंग म्हणजे लेदर मऊ राहावं म्हणून क्रीम चोळणं. त्याचे साडेचार हजार घेतले. संध्याकाळी सीट चकाचक.

काही आठवड्यांतच त्या कडेचा रंग गेला, खालचं फिकं कातडं दिसायला लागलं, बारीक भेगा पडल्या. चकाकी होती ती सिलिकॉनची. हाताला बुळबुळीत लागायची आणि धूळ धरून ठेवायची.

कुशनचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराने कड बघताच सांगितलं, थिनर मारलंय. गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने दोन्ही सुटतात. म्हणजे फडक्यावर आला तो सीटचाच रंग! साठी ओलांडलेल्या माणसाला असं घाबरवून पैसे काढायचे, याचा मला अजून संताप येतो.

खरा मळ काळपट, करडा असतो. जीन्सचा असेल तर निळसर. सीट टॅन आणि फडकंही टॅन झालं, तर तिथेच हात धरा. ‘लेदरला तेल पाजतो’ हेही ऐकून घेऊ नका. वरचा थर शाबूत असेल तर कंडिशनर आत फारसं जातच नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत लेदर नसतंच, लेदरेट असतं, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) नकली कातडं. त्याला कंडिशनिंगचा काय उपयोग? गाडीच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते बघून घ्या.

सफाईला लेदरचं सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि ओलसर मायक्रोफायबर पुरतं. सीटला बारीक छिद्रं असतील तर क्लीनर फडक्यावर घ्यायचं, थेट सीटवर फवारायचं नाही.

आमच्या बिलावर नुसतं ‘इंटिरियर सर्व्हिस’ लिहिलंय, काय वापरलं त्याचा पत्ता नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार केली आहे. तुम्ही मात्र बिलावर उत्पादनाचं नाव लिहून घ्या आणि काम सुरू होण्याआधी सीटचे फोटो काढून ठेवा.