भोपळ्याविना नऊ महिने: छोट्या तानपुऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी घेतला, आता आषाढ लागलाय. लाकडाच्या वाद्याने एक पावसाळा अंगावर घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये असं माझं मत, म्हणून इतके दिवस थांबले.

आधी माझं सांगते, कारण वाद्य कुणासाठी हा प्रश्न पहिला. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, काळी चारमध्ये (पेटीवरची ती काळी पट्टी माझा सा) गाते. घरी आठ-दहा मुली शिकायला येतात. रविवारी गडहिंग्लजला वर्ग घेते आणि महिन्यातून एकदा पुण्याला गुरुजींकडे तालमीला जाते. घरचा मोठा तानपुरा मिरजेचा, वडिलांनी १९९१ साली आणलेला. तो गावाबाहेर जात नाही. एकदाच गेला होता. रात्रीच्या खासगी आरामगाडीत मागच्या सीटवर नीट निजवला होता आणि पहाटे कात्रजच्या आसपास कुणाची तरी बॅग वरून त्याच्यावर आली. भोपळ्याला वीतभर चीर. मिरजेला सतारमेकर गल्लीत नेऊन बुजवून आणली, आवाजही परत आला, पण माझा धीर गेला तो गेलाच. पुढची पाच वर्षं मोबाइलच्या तानपुऱ्यावर काढली.

मोबाइलला नावं ठेवायला मी बसलेली नाही. १९७९ साली बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तेव्हापासून किती जणांची सोय झाली असेल. माझं दुखणं वेगळं. बटण दाबलं की तो सुरात असतोच, मग तो सुरात आहे का हे ऐकायचं कामच उरत नाही. पंचम किंचित उतरला तरी माझ्या मुलींना कळेना. आणि गुरुजींनी एकदा तानपुरा पुढ्यात सरकवून ‘लाव’ म्हटलं, तर मलाच वीस मिनिटं लागली. ते काही बोलले नाहीत, पान लावत बसले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

म्हणून हा घेतला. मिरजेतल्याच एका कारागिराकडून, २२,००० रुपयांना. (नाव लिहीत नाही, पुढे एक तक्रार आहे.) भोपळा नाही, त्याजागी तुनाच्या लाकडाची चपटी पेटी. एकूण लांबी तीन फूट, वजन घरच्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम. चार तारा: पंचमाची (प), जोडाच्या दोन (मधला सा) आणि जाड खर्जाची (खालचा सा). लाकडी खुंट्यांच्या जागी गिटारच्या किल्ल्या. घोडी मात्र जुन्याच पद्धतीची, जवारी काढलेली (तार हलकी घासून गुंजावी असा उतार दिलेली), तारांखाली सूत आणि घोडीच्या खालच्या बाजूला सूर बारीक जुळवायचे मणी. पाठीवर अडकवायची गवसणी सोबत मिळाली. पहिल्यांदा पाठीला लावून वडापात (सीटवर माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये) चढले तर शेजारच्या आज्जींनी विचारलं, ‘व्हय गं, ही बॅट कुणाची?’

फायदा सांगायचा तर एवढाच, की तो सोबत येतो. वडापात मांडीवर, रेल्वेत वरच्या बर्थवर डोक्याशी. विमानाचं मात्र गृहीत धरू नका. वजन सात किलोच्या आत बसतं, पण हातातल्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंमीच्या वर चालत नाही आणि हा नव्वदच्या पुढे. एका कंपनीने जाताना हसून सोडलं, येताना त्याच कंपनीने खाली सामानात टाकायला लावलं. हैदराबादहून कोल्हापूरपर्यंत माझा जीव पोटात विमानाच्या पोटासारखाच गुरगुरत होता. भोपळा नसल्याने काही झालं नाही, तेवढं पेटीचं श्रेय.

किल्ल्यांबद्दल मी साशंक होते, आता त्यांच्या बाजूने आहे. लाकडी खुंटी पावसात फुगून अडकते आणि उन्हाळ्यात निसटते. खडू लाव, पूस, पुन्हा लाव, यात माझी निम्मी सकाळ जायची. मे महिन्यात गडहिंग्लजच्या पत्र्याच्या खोलीत आणि आता इथल्या ओल्या हवेत, दोन्हीकडे किल्ल्या जागच्या हलल्या नाहीत. फक्त तार आखूड असल्याने किल्ली नुसती शिवली तरी सूर पळतो. शेवटचं जुळवणं मण्यावरच करावं लागतं.

आता खर्ज. खरं म्हणजे हे सगळं त्याच्यासाठीच लिहिते आहे.

मोठ्या तानपुऱ्याची घोडीपासून वरच्या अटीपर्यंतची (तार जिच्यावर टेकते त्या पट्टीपर्यंतची) तार मी मोजली, ३६ इंच. याची २६. तीच तार तेवढ्याच स्वरात आखूड लांबीवर लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. पंचम आणि जोड पोलादाच्या बारीक तारांवर कसेबसे निभावून नेतात. पितळेचा खर्ज ढिला पडतो, छेडला की आधी वर चढतो मग खाली येऊन बसतो. उपाय म्हणून जाड तार चढवावी, तर ती ताठ. घोडीच्या उतारावर अंग टाकून निजत नाही, आणि तार घोडीला हलकी घासत राहिली नाही तर जवारी बोलणार कशी? सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहून ठेवलंय, की तार ज्या जागी छेडल्यावर एखादा उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर) उमटायला नको, तिथे छेडली तरी या घोडीमुळे तो उमटतो. आमच्या भाषेत, खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. स्वयंभू गंधार. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, वरच्या म्हणजे तार सप्तकात वाजणारा. यमन शिकवताना मी मुलींना आधी तो ऐकायला बसवते, मग तोंड उघडायला सांगते.

छोट्याच्या खर्जात पहिले दोन महिने तो मला ऐकूच आला नाही.

मिरजेला परत नेला. कारागिराने गुंडाळलेली तार लावून दिली, ‘आता गुंजतोय बघा ताई’. गुंजत होता खरा, पण तारेचे वेढे घोडीवर खरखरायला लागले आणि चार दिवसांत जवारीवर बारीक चरे पडले. पुन्हा गेले तर म्हणाला, वापरण्यात दोष आहे, जवारीचे वेगळे १,५०० होतील. दिले मी, पण तक्रार ती हीच. तार त्याने निवडली होती.

शेवटी मार्ग सापडला तो घरात, एका दुपारी. मूळ पितळी तारेपेक्षा एकच नंबर जाड तार आणि सूत मात्र नेहमीपेक्षा बारीक. शिवणाच्या डब्यातल्या रेशमी धाग्याचा एक पदर सोडवून घेतला. तो तारेखाली घालून केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसले. एका जागी तार नुसती ठणठणते, तिथून जरा सरकवला की चिरकते, आणि या दोहोंच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढ्या पट्टीत ती उघडते. तिथे गंधार आला. मोठ्यासारखा खोलीभर नाही, कान पेटीशी नेला तर. पण आला. आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, ‘आई, अगं किती वेळ ते एकच टँव टँव!’

दुसरी उणीव फारसं कुणी सांगत नाही. नाद लवकर विरतो. मोठा तानपुरा छेडून सोडला तर पुढची तार येईपर्यंत मागची उभी असते. इथे मध्ये भोकं पडतात, म्हणून हात भरभर चालवावा लागतो, आणि हात भरभर चालला की विलंबित खयालात मनाची लय उगीच चढते. तराणा, भजन, मुलींचे अलंकार यांना काही अडचण नाही. पण विलंबित तीनतालात आकार भरत सावकाश समेवर यायचं असेल तर हा साथीला अपुरा पडतो. मी तालमीच्या वेळी खाली मोबाइल मंद लावून वर हा छेडते. गुरुजींना पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाले, ‘अल्लादियाखाँसाहेबांच्या गावची तू, आणि पाटावर गातेस?’ (खाँसाहेब म्हणजे कोल्हापूर दरबारचे थोर गवई.) दोन तास तोच घेऊन बसले मात्र. जाताना पंचम त्यांनीच पुन्हा लावून दिला.

बाकी किरकोळ. चपटी पाठ रेशमी साडीवरून घसरते, मी सतरंजीखाली घालायच्या रबरी जाळीचा तुकडा चिकटवलाय. आतला पिकअप बोटांचा आवाजच जास्त उचलतो, माइक पुढे ठेवलेला बरा. गवसणीची चेन सहाव्या महिन्यात गेली.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, तो वाळवायचा, कापायचा, हे सगळं त्या वाद्यात असतं. या पेटीत त्यातलं काही नाही. कोल्हापूरच्या देवल क्लब या गायनसंस्थेत बैठकीला मी मोठाच नेते, रिक्षात मांडीवर आडवा धरून.

घेणार असाल तर एक करा. दुकानात तो बहुधा चढ्या स्वरात लावून ठेवलेला असतो, तिथे गोडच वाजतो. आपल्या स्वरात उतरवून मागा, पंचम आणि जोड हाताने दाबून गप्प करा आणि नुसता खर्ज पाच मिनिटं छेडा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांनी तर आधी हेच करावं. माझ्या मेहुण्याने केलं आणि रिकाम्या हाताने, पण २२,००० वाचवून, मिरजेहून परत आला.