अल्काराझ की सिनर: ग्रँड स्लॅममध्ये कोणाच्या मॅच बघाव्यात?

नोकरी-घर सांभाळून दोन आठवड्यांच्या सगळ्या मॅच बघणं जमत नाही. म्हणून टेनिस नव्याने बघू लागलेला हमखास विचारतो, कार्लोस अल्काराझ धरू की यानिक सिनर? नुसत्या विजेतेपदांवरून ठरवायला गेलात तर अडकाल. ग्रँड स्लॅम म्हणजे मेलबर्न, पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्कच्या वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धा. 2024 आणि 2025 मधल्या आठही या दोघांनीच जिंकल्या, त्याही चार-चार.

सिनर बेसलाइन (कोर्टची मागची रेषा) सोडत नाही. फोरहँड असो की बॅकहँड, चेंडू सपाट, खोल आणि त्याच वेगाने येत राहतो. हार्ड कोर्टवर (मेलबर्न आणि न्यूयॉर्कला असतं ते कडक कोर्ट) उसळी एकसारखी मिळते, तिथे हे यंत्र बिघडतच नाही. पहिल्या आठवड्यात तो क्वचितच दगा देतो. अल्काराझचं तसं नाही. 2024 च्या न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपनमध्ये दुसऱ्याच फेरीत तो जगातल्या 74 व्या क्रमांकाच्या व्हॅन डी झँडशुल्पकडून सरळ तीन सेटमध्ये हरला होता.

पण मॅच लांबली की पारडं फिरतं. 2025 ची पॅरिसची फायनल आठवा. सिनर दोन सेटनी पुढे होता. चौथ्या सेटमध्ये 5-3, अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे सलग तीन चॅम्पियनशिप पॉइंट: यातला एक जरी जिंकला तरी विजेतेपद सिनरचं. तिन्ही अल्काराझने वाचवले आणि 5 तास 29 मिनिटांनी पाचव्या सेटचा टायब्रेकर 10-2 असा जिंकला. आपल्याकडे संध्याकाळी सुरू झालेली मॅच मध्यरात्री संपली, आणि त्यातलं एक मिनिटही चुकवण्यासारखं नव्हतं. 2025 अखेरपर्यंत ग्रँड स्लॅममध्ये दोघांच्या तीन मॅच पाच सेटपर्यंत गेल्या. तिन्ही अल्काराझच्या. 2026 मध्ये मेलबर्नच्या सेमीफायनलला सिनर जोकोविचकडून हरला, तेही पाचव्या सेटमध्येच. मग फायनलला जोकोविचला हरवून अल्काराझने चारही ग्रँड स्लॅम किमान एकदा जिंकण्याचा टप्पा पूर्ण केला.

विम्बल्डनला मात्र गंमत आहे. तिथली दोन विजेतेपदं अल्काराझच्या नावावर आहेत, पण 2022 आणि 2025 मध्ये दोघं तिथे समोरासमोर आले तेव्हा दोन्ही वेळा सिनर जिंकला, चार सेटमध्ये. मला यात गवताचा हात दिसतो. अल्काराझचा टॉपस्पिन (चेंडूला पुढे गिरकी देणारा फटका) पॅरिसच्या मातीवर खांद्यापर्यंत उसळतो, गवतावर तेवढा उसळत नाही. सिनरचा सपाट फटका मात्र तिथे खाली राहून सरकतो.

माझा कौल असा: पॅरिसला डोळे मिटून अल्काराझ. विम्बल्डनला हे दोघं भिडले तर सिनर. हार्ड कोर्टवर 2025 च्या आधी मी बेधडक सिनर म्हटलं असतं. पण न्यूयॉर्कच्या फायनलला अल्काराझने त्याला चार सेटमध्ये हरवलं, आणि आपला खेळ समोरच्याला फार ओळखता येतो असं सिनर स्वतःच त्यानंतर म्हणाला. आता मी तिथेही अल्काराझकडे झुकतो. रोज एकच मॅच बघणार असाल, तर पहिल्या आठवड्यात अल्काराझचीच लावा. सिनरची उपांत्यपूर्व फेरीपासून धरली तरी चालेल.