दोनशे तासांची चांदी

डावीकडचा आवाज कमी येऊ लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. माझ्याकडे साडेपाच हजारांचे आयईएम आहेत, म्हणजे ज्यांची केबल काढता-घालता येते असे कानात बसणारे इअरफोन. तीन वर्षं बिनतक्रार चालले. मग एका रात्री भीमसेनजींची मैफल लावली, तर पंडितजी उजवीकडे सरकून बसलेले. मधूनच डावीकडे खरखर. शहाण्या माणसाने काय केलं असतं? डावीकडची केबल उजव्या इअरफोनला आणि उजवीकडची डाव्याला लावून पाहिली असती. तरीही डावा इअरफोनच हळू वाजला तर केबल निर्दोष, आणि हळूपणा केबलबरोबर उजवीकडे गेला तर केबलचा दोष. दोन मिनिटांचं काम, तेही फुकटात. मी ते केलं नाही. मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं.

ग्रुप इअरफोनवेड्यांचाच. तिथे एक गृहस्थ सगळ्यांना अडीअडचणीला सल्ला द्यायचे आणि जाता जाता केबलीही विकायचे. मला स्वतंत्र मेसेज आला, "भाऊ, केबल गेली तुमची. घेताच आहात तर चांदीची घ्या, पुन्हा बघायला नको." आठ पदरी वेणी, तारेची जाडी 26 गेज, 99.99 टक्के शुद्ध चांदी, टोकाला 4.4 मिलिमीटरचा बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारा, प्लग. किंमत 6,500. सोबत फोमचे इअरटिप, तीन जोड्या 900 रुपयांना, "ओरिजिनल". सात दिवसांत परत, एक शब्दही न विचारता.

माझ्या छोट्या डॅकला, म्हणजे फोन आणि इअरफोनच्या मधे लावायच्या, डिजिटल गाण्याचा आवाज करून देणाऱ्या डबीला, 4.4 चं भोक होतं आणि ते घेतल्यापासून रिकामंच होतं. ते भोक रोज मला टोचायचं, हे कबूल करतो. शिवाय मी हिशेब केला. 26 गेजची तार, आठ पदर, सव्वा मीटरच्या आसपास लांबी, म्हणजे चांदी भरते साधारण 13 ग्रॅम. 2023 च्या भावाने हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे साडेसहा हजारांत खरी चांदी देणं सहज परवडतं की! पाच लाखांची गाडी पन्नास हजारांत देतो म्हणणाऱ्याला आपण ओळखतो. हा तसला नव्हता. भाव बरोबर वाटेल असाच लावला होता, आणि माझ्या गणिताने माझंच समाधान करून टाकलं.

पैसे यूपीआयने गेले, त्यांच्या खाजगी नावावर. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल भाऊ". पटलं.

लाकडी पेटी आली. आत निळं मखमल, त्यावर पारदर्शक आवरणातून चकाकणारी पांढरीशुभ्र वेणी, आणि चांदीच्या शुद्धतेचं एक कार्ड. कार्डावर कुणाचा शिक्का नव्हता, पण कागद जाड होता.

त्या रात्रीचं ऐकणं मी विसरणार नाही. आवाज मोठा, आणि एवढा पसरलेला की तानपुरा खोलीच्या दोन टोकांना उभा केल्यासारखा. मी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं, "डोळ्यांसमोरचा पडदा सरकला. स्टेज केवढं मोठं! चांदी ती चांदीच." ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. विक्रेत्याने माझा मेसेज वर पिन करून ठेवला.

आवाज मोठा का झाला, ते आता सांगतो. बऱ्याच छोट्या डॅकमध्ये बॅलन्स्ड भोकातून साध्या 3.5 मिलिमीटरच्या भोकाच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळतं. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, एवढंच. त्याच प्लगची तीनशे रुपयांची केबल लावली असती तरी पडदा सरकलाच असता. स्टेजचं, म्हणजे आवाज एवढा पसरलेला वाटण्याचं, कारण मात्र वेगळं होतं, आणि ते कळायला मला दहा दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की डग्गा हरवलाय. म्हणजे होता, दोन्ही कानांत होता, पण डोक्यात बसत नव्हता. घुमारा दोन बाजूंना विरघळून जायचा. गायक समोर नाही, मानेमागून कुठूनतरी. एक इअरफोन काढला की दुसऱ्यात डग्गा ठणठणीत. दोन्ही घातले की गेला. आणि डावीकडचा आवाज अजूनही थोडा हळूच. मी विचारलं, तर उत्तर तयार: "बर्न-इन करा भाऊ. चांदीला दोनशे तास लागतात, तोवर पातळच वाजते. ऐकायची गरज नाही, नुसती वाजत ठेवा."

मग मी आठवडाभर कपाटाच्या ड्रॉवरमध्ये तानपुरा वाजत ठेवला. फोन चार्जरला, डॅक फोनला, इअरफोन मोज्यात गुंडाळलेले. बायको रात्री पाणी प्यायला उठली आणि ड्रॉवरला कान लावून म्हणाली, "अरे, हे कुणासाठी वाजतंय?"

आता आकडे बघा. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास, तेही अखंड वाजवली तर. परतीची मुदत सात दिवस, म्हणजे 168 तास. मी इंजिनिअर माणूस, तेरा ग्रॅम चांदीचा हिशेब तोंडी केला, पण ही वजाबाकी केली नाही. तारेला रुळायला वेळ लागत नाही, तांब्याच्या नाही आणि चांदीच्याही नाही. वेळ लागतो तो मुदत संपायला.

मधल्या काळात फोमच्या टिपांनी आपला रंग दाखवला. चांगला फोम चिमटीत वळून बारीक केला की सावकाश फुगतो. तेवढ्या वेळात तो कानात सरकवायचा आणि आत फुगू द्यायचा. माझा फोम सोडल्या सोडल्या स्पंजासारखा उडी मारून मूळ आकारात. आणि आतली नळी सैल. फोमच्या टिपांना आतल्या भोकाचं माप असतं. कंप्लायसारखी कंपनी त्यावरून 100, 200, 400, 500 असे आकडे देते, आणि आपल्या इअरफोनची नळी मोजून त्यातला आकडा घ्यायचा असतो. माझ्या पाकिटावर आकडाच नव्हता. "सगळ्यांना बसतात" म्हणाले होते. पाचव्या रात्री डावा इअरफोन ओढला, तो हातात आला आणि फोम कानात राहिला.

मी चिमटा शोधायला लागलो. बायकोने चिमटा काढून घेतला. तेवढं एक शहाणपण घरात शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बारीक चिमट्याने दहा सेकंदांत तो तुकडा बाहेर काढून ट्रेमध्ये टाकला आणि विचारलं, "हे औषध आहे का?" फी 700.

दहाव्या दिवशी सगळं चंबूगबाळं घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या बाजूला एक काका जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांनी केबल घेतली आणि आधी मीटर लावला, तार सलग असली की बीप करणारा. एक काडी प्लगच्या कड्यावर, दुसरी इअरफोनकडच्या पिनवर. डावीकडे बीप, बीप. उजवीकडे शांतता. मग काडी शेजारच्या पिनवर नेली, तर बीप. "उजवीकडे प्लस-मायनस उलटं जोडलंय साहेब. उजवी पिन काढा आणि फिरवून लावा."

माझ्या इअरफोनला साधं, सपाट दोन पिनांचं भोक आहे, त्यामुळे पिन उलटीही खोचता येते. खोचली. कानामागून जाणारा केबलचा बाक आता पुढे, गालावरून लोंबत होता. तशा अवतारात मी दुकानात उभा राहून मैफल लावली. डग्गा कपाळाच्या मधोमध येऊन बसला. माझं ते "केवढं मोठं स्टेज" म्हणजे एक कान उलटा ढकलत होता आणि दुसरा सुलटा, एवढंच होतं. घरी तपासायला मीटरही लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू करून कुणाचंही बोलणं लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी आला पाहिजे. पसरट, मागून, दोन्हीकडून आला तर जोडणी उलटी.

पिना नीट जोडायच्या तर त्यांच्यावरचं कवच उघडावं लागणार होतं. काकांनी गरम करून उघडलं आणि तारेचं टोक सोलताना थांबले. ब्लेडने हलकेच खरवडलं. पांढऱ्याखाली लाल. सेंटिमीटरभर तुकडा कापून लायटरवर धरला, तो काळा पडला. चांदी अशी काळी पडत नाही, तांबं पडतं. "मुलामा आहे," काका म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं. खात्रीसाठी मी दुसरा तुकडा आमच्या सोनारांकडे नेला. त्यांनी कसोटीचा दगड बाहेरही काढला नाही. "याचं पैंजण केलं असतंत तर चार महिन्यांत लाल पडलं असतं."

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तार खरी चांदीची असती तरी माझ्या कानाला काही कळलं नसतं. चांदी तांब्यापेक्षा वीज पाच-सहा टक्केच चांगली वाहते. एवढ्याशा केबलचा विजेला होणारा सगळा विरोधच ओहमच्या पंधरा-सोळा शतांश, त्याचे पाच-सहा टक्के म्हणजे ओहमचा शंभरावा हिस्सा. माझे इअरफोन 32 ओहमचे. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं हीसुद्धा वाईट वस्तू नाही, ते तसं सांगून आणि त्या भावात विकलं तर. ज्या इअरफोनमध्ये पाच-सात छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतात आणि ज्यांचा विरोध मधेच फार खाली उतरतो, त्यांना केबलच्या विरोधाने थोडा फरक पडतो. एका ड्रायव्हरवाल्याने त्या भानगडीत पडू नये. केबल घेताना पाहायचं ते तोंड: दोन पिना की गोल फिरणारं एमएमसीएक्स, आणि दोन पिना असतील तर 0.78 मिलिमीटर की 0.75. जाड पिन बारीक भोकात कोंबली की भोक कायमचं सैल होतं. काही कंपन्यांच्या पिनांभोवती टोपी असते, ती साध्याच्या जागी चालत नाही. हे न विचारता कुणी "सगळ्यांना बसते" म्हणालं, की फोन ठेवून द्यावा.

आणि डावा कान? काकांनी डावा इअरफोन उजेडात धरून भिंगातून पाहिला आणि हसले. नळीच्या तोंडावरच्या जाळीत मळ. माझाच, तीन वर्षांचा. नळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटकला, टाचणी वगैरे काही न घालता. मग जुनी, डब्यातली केबल लावली. पिना पुसल्यावर खरखर गेली होती. डावा-उजवा सारखे.

पिन जोडण्याचे 150 रुपये घेतले, ब्रशचे काही नाही. तिथून निघताना मी 350 रुपयांचे साधे सिलिकॉनचे रबर घेतले, तीन मापांचे. उजव्याला मधलं बसलं, डाव्याला मोठं. माझे दोन्ही कान सारखे नाहीत, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. रबर नीट बसलं की आपलाच आवाज आपल्याला घागरीत बोलल्यासारखा येतो आणि डग्गा आपोआप परततो. फट राहिली की दहा हजारांची केबलही तो परत आणत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. लाल तार, काळं टोक, मीटर. उत्तर आलं, "मुदत संपली ना भाऊ. आणि तुम्ही केबल उघडलीत." मी ग्रुपवर लिहायला गेलो, तर ग्रुपमधून काढलेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला. बाईंनी शांतपणे विचारलं, बिल? विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता? माझ्याकडे होते यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि जाड कागदाचं कार्ड. तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

माझा तो पडदा सरकल्याचा मेसेज मात्र अजून तिथे पिन केलेला आहे, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. नाशिकच्या एका मुलाने कुठूनतरी नंबर काढून विचारलं, "दादा, तुमचा रिव्ह्यू वाचून तीच केबल घेतली. स्टेज मस्त आहे, पण गाणारा मागून गातो. बर्न-इनला किती तास लागले तुम्हाला?"

मी लिहिलं, "उजवी पिन फिरवून लाव आणि ऐक. आणि केबल मिळून आज कितवा दिवस?"

"सहावा."

तो पुढचं टाइप करत होता, तेवढ्यात मी फोनच लावला.