माहीमच्या दमट हवेत इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर: तीन पावसाळ्यांनंतरचे मत

शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी म्हणून तीन वर्षांपूर्वी मी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची जोडी घेतली. आमचे घर माहीमला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि बैठकीची खोली जेमतेम चौदा फूट बाय अकरा फूट आहे. अशा घरात हे स्पीकर घ्यावेत का, असे बरेच जण विचारतात. माझे उत्तर असे, की आवाजाची निवड करण्याआधी आपल्या खोलीची आणि तिथल्या हवेची नीट पारख करावी.

नेहमीच्या स्पीकरमध्ये कॉइल आणि चुंबकाच्या जोरावर कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा पडदा, पुढेमागे हलतो. इथे कोनाऐवजी प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो धातूच्या दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणून बसवलेला असतो आणि त्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार असतो. संगीताचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून पत्र्यांना दिला, की पडदा सगळीकडून एकसारखा ओढला आणि ढकलला जातो. पडदा १२ मायक्रॉन जाडीचा धरला, तर त्याचे वजन तेवढ्याच आकाराच्या, सुमारे १४ मिलीमीटर जाडीच्या हवेच्या थराइतके भरते. इतकी हलकी वस्तू चटकन हलते आणि चटकन थांबते. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही जाणकार जपून वापरतात, त्यामागे हेच कारण आहे.

पहिल्या संध्याकाळी मी मल्लिकार्जुन मन्सूरांच्या मैफलीचे जुने ध्वनिमुद्रण लावले. तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार आजवर मला एका सलग गुंजनासारखा ऐकू येत असे. त्या दिवशी प्रत्येक तार छेडल्याची जागा वेगळी कळली, आणि तान घेण्याआधीचा बुवांचा श्वास खोलीतच घेतल्यासारखा वाटला. सारंगीच्या गजाची खरखरसुद्धा कानाला बोचत नाही. या एका सुखासाठी मी पुढचे सारे व्याप आनंदाने सांभाळतो.

डग्ग्याबाबत मात्र तडजोड आहे. पातळ पडद्याला फार लांब हलता येत नाही, शिवाय त्याचा आवाज पुढे आणि मागे उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे दाब तेव्हा मागे खेच असा, निघत असल्यामुळे खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात. म्हणून निव्वळ पडद्याचे स्पीकर दारांएवढे मोठे करावे लागतात. जागेअभावी मी हायब्रीड प्रकार घेतला, ज्यात खालचा आवाज नेहमीचा कोन सांभाळतो. डग्ग्याचा घुमारा त्यामुळे भरदार येतो, पण चाटीवरच्या बोलांपेक्षा किंचित मागे राहतो, आणि एकदा हे लक्षात आले की पुन्हा पुन्हा जाणवते.

मागे निघणाऱ्या आवाजासाठी स्पीकर भिंतीपासून निदान तीन फूट पुढे हवेत. आमच्याकडे त्यासाठी दिवाण हलवावा लागला. मागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट आहे, त्याने आवाज विखुरला जातो, हा मोठाच फायदा झाला. ऐकण्याची उत्तम जागा एकाच माणसापुरती असते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. ॲम्प्लिफायरही दमदार लागतो, कारण वरच्या स्वरांत या स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, फार खाली उतरतो.

आता हवेविषयी. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि दमट धूळ पडद्यावर बसली की विद्युतभार झिरपू लागतो. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या स्पीकरमधून चट् चट् असा आवाज येऊ लागला आणि तो उजव्यापेक्षा मंद झाला. ज्या दुकानातून जोडी घेतली, तिथे ‘पावसात असे काहीच होत नाही’ असे मला ठामपणे सांगण्यात आले होते, याचे आजही वाईट वाटते. प्लग काढून, दोन दिवस एसी ड्राय मोडवर ठेवल्यावर मी जाळीतून टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा पडद्यालगत राखाडी तंतूंचा थर आणि एक चिलट चिकटलेले दिसले. मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने हलक्या हाताने ते ओढून घेतल्यावर आवाज पूर्ववत झाला.

तेव्हापासून खोलीत आर्द्रतामापक आहे आणि जून ते सप्टेंबर डीह्युमिडिफायर आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास राखतो. साफसफाईच्या आदल्या रात्रीच प्लग काढतो, म्हणजे भार उतरतो आणि धूळ सुटते. ओले फडके, फवारा किंवा कोणतेही क्लीनर जाळीला लागू देत नाही, हे घरकामाला येणाऱ्या ताईंनाही समजावून सांगितले आहे. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ भारित पडद्याकडे ओढली जाते. गणपतीच्या दिवसांत म्हणूनच दोन्ही स्पीकर बंद करून, चादरी घालून आतल्या खोलीत जातात.

पडदे काही वर्षांनी थकतात आणि ते जोडीनेच बदलावे, नाहीतर दोन बाजूंचा आवाज जुळत नाही. हा खर्च खरेदीच्या वेळीच धरून ठेवावा. जुनी जोडी घेणार असाल, तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत ऐकून ठरवू नका. जुलैत जा, स्पीकर तासभर चालू राहू द्या, आणि तेच मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ऐका. झिरपणारा पडदा तेव्हा लपत नाही.